बस लवकर यायची तेव्हा

बाबा ज्या कारखान्यात होते, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर आज कोणी काही म्हणणार नाही, पण हातच वळत नाही. भंडाऱ्याच्या बाजूला कारखाना, त्याला लागून कॉलनी, कॉलनीत आमचं क्वार्टर आणि क्वार्टरमध्ये आम्ही तिघं. तिथं सैन्याला लागणारं काहीतरी बनायचं आणि ते पेट घेणारं होतं, एवढं कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यापुढं कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. सकाळी बसमध्ये चढण्याआधी बाबा विडीचं बंडल आणि माचिस घरी काढून ठेवत. गेटवर झडती होई. एकदा माझ्या केसांची पिन चुकून त्यांच्या खिशात राहिली, तर गेटवरच्या शिपायानं ती दिवसभर सांभाळली आणि संध्याकाळी त्यांना परत दिली.

लहानपणी मी विचारायचे, "बाबा, तुम्ही आत काय करता?"

"मले काही मालूम नाही," बाबा म्हणत.

हे ते इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगत की बरीच वर्षं मला ते खरंच वाटत होतं. रोज डबा घेऊन जातात आणि आपण काय करतो हेच त्यांना ठाऊक नसतं, या विचारानं मला त्यांची फार कीव यायची.

बाबा घराण्यातले पहिले पगारदार. त्यांच्या आधीच्या सगळ्यांचा जन्म दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाकून गेला होता. समाजानं धर्म बदलला, मागोमाग शाळा आली, बाबा मॅट्रिक झाले, नोकरीला लागले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, नळाला पाणी, विजेचा दिवा. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसले की ते त्या बटणाच्या दिव्याकडं असं पाहत, जणू तो कोणी उचलून नेईल. नोकरी गेली की क्वार्टर जाणार, क्वार्टर गेलं की परत गाव, परत बांधी. हे आमच्या घरात कोणी बोललं नाही, पण प्रत्येक सणाला, प्रत्येक आजारपणात ते आमच्यात बसलेलं असायचं.

आईचं घड्याळ म्हणजे कारखान्याची बस. सकाळी नेणारी आणि संध्याकाळी आणणारी. उन्हाळ्यात मात्र कधी कधी ती भरदुपारीच यायची. तपन फार वाढली की आतल्या काही इमारतींमधलं काम थांबवत आणि माणसांना घरी सोडत. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पण ज्या दिवशी अंगणात पाय ठेववत नसे, त्या दिवशी बस लवकर येई, हे कॉलनीतल्या प्रत्येक बाईला दिसत होतं. उन्हाच्या दिवशी आई सकाळपासून गप्प असायची. भाजी चिरता चिरता कान रस्त्याकडं. बसचा आवाज आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग ती पन्ह्याचा तांब्या भरून ठेवायची आणि एकदम बोलायला लागायची, शेजारणीची, पोस्टमनची, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींची टवाळी करायची. मला तर उन्हाळा आवडायचाच, कारण त्यात बाबा दिवसाढवळ्या घरी दिसायचे.

ऐंशीच्या आसपास ही लवकरची बस फारच वारंवार यायला लागली. रस्ता रुंद करायला दोन्ही बाजूंची मोठी आंब्याची झाडं पाडली होती, त्यामुळं गेटपर्यंतचा रस्ता नुसता भाजून निघायचा. गावी गेलं की तिथंही तेच ऐकू यायचं. जंगल मागं सरकलं, तलावात गाळ भरला, रोवण्याच्या वेळी पाऊस दडी मारतो आणि कापणीच्या वेळी उभं पीक झोपवतो. लोक हे हवापाण्याच्या गप्पा म्हणूनच बोलत. आईच्या डोक्यात मात्र या सगळ्याची कुठंतरी गाठ बसत होती. ती शिकलेली नव्हती, पण दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहायची तिला खोड होती, आणि त्या खोडीनंच आमच्यावर सगळं आणलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या दारात खासदाराची जीप उभी राहिली.

हे खासदार आईच्या माहेरचे, लाखांदूरकडच्या एका गावाचे. गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातले. आईचे वडील त्यांच्या बांधीत राबलेले. त्या घरी आजोबांना पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं, हे आईनं स्वतः पाहिलेलं. आणि आता त्या घरातला मुलगा, दिल्लीला जाऊन बसणारा, दौऱ्यावरून जाता जाता "आपल्या गावची बाई इथं राहते ना?" असं विचारत आमच्या क्वार्टरात शिरला होता. आई गडबडली. पाणी द्यावं की न द्यावं, तिला कळेना. तांब्या हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

तेच म्हणाले, "बाई, पाणी दे नं. घसा सुकून गेला."

ते पाणी त्यांनी घटाघट प्यायलं, वर चहाही मागितला. मी आतल्या दारात उभी होते. आईचा चेहरा मी तेवढा फुललेला कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला राग आला होता. पाणी प्यायला म्हणून एवढं काय भारावून जायचं! पण तो राग वयाचा होता. आईच्या जागी उभं राहून पाहायला मला पुढं पुष्कळ वर्षं लागली.

"जावईबापू कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"ड्युटीवर. पण येतीलच आता," आई म्हणाली. "एवढी तपन असली का बस दुपारीच येते, दादा. आगोदर एखाद्या वेळी यायची. आता तं घडीघडी येऊन राहिली."

"काहून?"

"काम बंद ठेवा लागते नं तपनीनं." आणि मग ती सुटलीच. "लोक म्हणतात, आपल्या गावचा तलाव उन्हाळ्याआधीच आटते. तिकडं तलाव आटते, इकडं बस लवकर येते. एकच गोष्ट हाये, दादा. दोन नाहीत."

खासदार हातातला कप तसाच धरून तिच्याकडं पाहत राहिले. "असं म्हणते तू?" एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी जंगलाचं विचारलं, पावसाचं विचारलं. ऐकण्याची कला त्यांच्यात होती, हे मान्य करायला हवं. जीप निघाली तेव्हा समोरच्या तिन्ही क्वार्टरांच्या खिडक्यांत डोकी होती. आईला त्याचाही अभिमानच वाटला.

पुढं पावसाळ्यात संसदेचं अधिवेशन सुरू झालं. एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो आणि रेडिओवर हिंदीतून संसदेतल्या कामकाजाचा आढावा चालला होता. बाबा तो रोज लावत. आवाज चालू असला की त्यांना बरं वाटे. मध्येच आमच्या खासदारांचं नाव आलं. आई मान वर करून हसली. मग निवेदक सांगू लागला की माननीय सदस्यांनी जंगलतोडीवर आणि बदलत्या हवामानावर चिंता व्यक्त केली. हवा दरवर्षी तापत चालली आहे आणि हा केवळ शेतकऱ्याचा प्रश्न नसून देशाच्या सुरक्षेचा आहे, असं ते म्हणाले. त्यांच्या जिल्ह्यात सैन्यासाठी माल बनवणारा एक कारखाना आहे. तिथलं काम उन्हामुळं भरदुपारी थांबवावं लागतं आणि असे दिवस वाढत चालले आहेत. असंच चाललं तर शत्रूला सीमेवर येण्याची गरजही उरणार नाही. आणि मग निवेदकानं, कोरड्या सरकारी हिंदीत, तेही वाक्य वाचलं: एका गावचा तलाव आटतो आणि दुसरीकडं कारखान्याची बस लवकर परत येते, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

बाबांचा हात ताटातच थांबला. आईच्या हातातून भाताचा चमचा सुटला. रेडिओ पुढच्या बातमीवर गेला. बाबांनी उठून हात धुतले आणि रेडिओ बंद केला. मी दोघांकडं आळीपाळीनं पाहत होते. मला गंमत वाटायला हवी होती, माझ्या आईचं वाक्य संसदेत गेलं होतं. पण मी उठून खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनी बदलली. कोणी काही बोललं नाही, फक्त बोलणं कमी झालं. रोज साखर मागायला येणारी शेजारीण साखरेवाचून राहायला शिकली. बसमध्ये बाबांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, हे मला एका मैत्रिणीनं सांगितलं आणि सांगताना इकडंतिकडं पाहून घेतलं. सगळ्यांचा हिशेब सोपा होता. आतली गोष्ट दिल्लीत पोचली. खासदार कोणाच्या सासुरवाडीचा? जीप कोणाच्या दारात उभी होती? दोन अधिक दोन मांडायला कोणाला वेळ लागला नाही.

आठवडाभरात बाबांना सुरक्षेच्या साहेबांनी बोलावलं. मग परत बोलावलं. बाबा आत जाऊन येत आणि घरी येऊन काही सांगत नसत. एकदा मी धीर करून विचारलं तर म्हणाले, "पुसतात, का मी काय बोललो. मी काही बोललो नाही तं काय सांगू?" एवढं बोलून ते दिव्याच्या बटणाकडं पाहत बसले. त्यांनी दाढी करणं सोडलं होतं. एका संध्याकाळी दोन अनोळखी माणसं येऊन पुढच्या खोलीत बसली, चहा न घेता गेली. त्यांच्या मागं बाबांनी दाराला कडी घातली आणि ती परत ओढून पाहिली. 'गद्दार' हा शब्द कोणी उच्चारला नव्हता, पण आमच्या घरात तो ऐकू यायला लागला होता.

मला खासदाराचा संताप आला होता. चांगलं बोलले, खरं बोलले, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आणि ते खरं बोलताना ज्या घरात पाणी प्यायले त्या घराचं काय होईल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. सभागृहात बाकं वाजली असतील. इकडं माझा बाप रोज अर्ध्या पानावरून उठत होता. आणि त्याहून मोठा राग होता तो या दोघांच्या गप्प बसण्याचा. बाबा आईला विचारत नव्हते. आई बाबांना सांगत नव्हती. रोज एकमेकांना वाढत होते, एकमेकांचे कपडे घडी करत होते आणि गप्प.

शेवटी आईच्यानं राहवलं नाही. रविवार होता, बाबा अंगणात खाट विणत बसले होते. आई तांदूळ निवडायचं सूप घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "अजी, ते मीच बोलली होती."

बाबांचा हात थांबला नाही. "मालूम हाये मले. रेडिओवर ऐकलं तेव्हाच समजलं. ते तुझंच बोलणं होतं."

"मंग काहून नाही बोलले तुम्ही?"

"काय बोलू? मले एकच समजत नाही." आता त्यांनी सुतळी खाली ठेवली. "मी तुले आजपावतो आतलं काही सांगतलंच नाही. मंग तुले कोणं सांगतलं?"

"कोणं नाही," आई म्हणाली. "बस दिसते नं."

बाबा तिच्याकडं पाहतच राहिले. इतकी वर्षं त्यांनी घरात ब्र काढला नव्हता, झोपेतसुद्धा बरळत नसत. माचिस काढून ठेवत, खिसे झटकत, पोरीला "मले काही मालूम नाही" सांगत आले; आणि ते सगळं रोज एक निळी बस कॉलनीच्या रस्त्यावरून मोठ्यानं सांगत येत होती. मला वाटलं ते रडतील. ते हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग आईही हसली, आणि मला त्या दोघांचा फार राग आला आणि फार बरंही वाटलं.

"मी जातो साहेबाकडं, सांगतो," आई म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'जातो', 'सांगतो' असंच म्हणतात.

"कायले? तुले काही झालं तं?"

"मले काय होईल? मले नोकरी थोडीच हाये!"

बाबा नको नको म्हणत राहिले, पण दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून निघालीच. सोबतीला मी. साहेब उत्तरेकडचे, फौजेतून आलेले, मिशा कडक, आवाज मऊ. त्यांनी आईला खुर्ची दिली. ती टोकावर बसली.

"बहनजी, ये बात आपको किसने बताई? घरवाले ने?"

"नाही साहेब. बसनं."

"बस ने?"

"तपन वाढली का बस दुपारीच येते. मंग समजते, का आत काम बंद हाये. हे तं रस्त्यावरचा गुराखीबी सांगन, चहावालाबी सांगन. माह्या माणसानं मले काही नाही सांगतलं." आणि मग, इतक्या वर्षांचं साचलेलं तिच्या तोंडून निघूनच गेलं, "लगीन झाल्यापासून त्यानं मले एक अक्षर नाही सांगतलं, साहेब. तुम्हीच त्याले सांगा, का बायकोसंगं थोडं बोलत जाय म्हणून."

मी अर्धंमुर्धं हिंदी करून सांगितलं. गरज नव्हती, साहेबांना कळलं होतं. त्यांनी रुमालानं मिशा पुसल्या. हसू लपवत असावेत. मग ते उठून खिडकीशी गेले. तिथून गेटसमोरचा रस्ता दिसत होता. पलीकडं चहाची टपरी, टपरीच्या बाकावर चार माणसं, त्यामागं कोणाच्या तरी म्हशी. साहेब बराच वेळ तिथंच उभे राहिले. वळून म्हणाले, "आप जाइए, बहनजी. चिंता मत कीजिए."

खरोखरच त्यानंतर बाबांना कोणी बोलावलं नाही. हळूहळू शेजारणीची साखर संपू लागली, बसमधली जागा भरली, बाबांनी दाढी केली. आई कॉलनीत जरा ताठ चालायला लागली. मला वाटलं, सुटलो. साहेब त्या खिडकीतून काय पाहत होते, ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

त्या वर्षी उन्हानं कहर केला. वैनगंगेत पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. ज्या दिवशी सकाळीच खिडकीचा गज हाताला चटका देत होता, त्या दिवशी आईनं पन्हं करून ठेवलं आणि कान रस्त्याकडं लावले. दुपार झाली. बस आली नाही. जेवण निवलं. बस आली नाही. आई दारात गेली, आत आली, परत दारात गेली. आजूबाजूच्या क्वार्टरांच्या दारांतही बायका उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. कारखान्याचा अपघाताचा भोंगा वाजत नाही ना, याकडं सगळ्यांचं लक्ष. मी पुस्तक उघडून बसले होते आणि त्याच पानावर होते. आत काहीतरी झालं असणार आणि आपल्याला शेवटी कळणार, असं मला वाटत होतं.

बस संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला आली. बाबा उतरले, धडधाकट. आईनं तांब्या पुढं केला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं, "अजी, एवढ्या तपनीत काम चालू होतं?"

बाबा पाणी प्यायले. तोंड पुसलं. "मले काही मालूम नाही," ते म्हणाले. थोडं थांबून, तिच्याकडं न पाहता, "बस आता टायमावरच येत जाईल."

बस. त्यानंतर ती कधीच लवकर आली नाही; आत काम थांबलं की नाही, हे टपरीवरच्या माणसांना आता तिच्यावरून ओळखता येणार नव्हतं. उन्हात आत त्यांना कुठं सावलीत बसवून ठेवत की कामाला लावत, हे आम्हाला कळलं नाही. बाबांच्या शर्टावर कधी घामाचे पांढरे डाग असत, कधी नसत. आई शर्ट उजेडात धरून त्यावरून काही कळतं का पाहायची, पण त्यावरून काय कळणार? पूर्वी उन्हाच्या दिवशी दुपारपर्यंतची धास्ती असायची. आता ती दिवसभर पुरायला लागली.

पुढच्या वर्षी, ऐन उन्हाळ्यातच, खासदार परत आले. दौराच होता. यावेळी आईनं न विचारताच पाणी आणलं. आमच्यावर काय गुदरलं होतं ते त्यांच्या कानावर गेलं नव्हतं, आणि आईनंही घातलं नाही. त्यांचे केस पांढरे झाले होते. हवा, पाऊस, जंगल, सगळ्यांचं ते परत बोलले. दिल्लीत लोक कान देत नाहीत म्हणाले. मग एकदम त्यांना आठवलं.

"बाई, गेटवरच्या चहावाल्यानं सांगतलं, का बस आता टायमावर येते म्हणून. मंग आतमध्ये काही बंदोबस्त केला का थंडाव्याचा? का तशाच तपनीत राबवतात? खरं सांग, मी मांडतो वर."

ते मनापासून विचारत होते. हे मला तेव्हाही दिसलं आणि त्यानं मला जास्तच वाईट वाटलं. अख्ख्या देशात हा एवढा एक प्रश्न विचारणारा माणूस आमच्या खुर्चीत बसला होता. आई तांब्या हातात धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाकडं पाहिलं.

"मले काही मालूम नाही, दादा," ती म्हणाली.

चेहरा अगदी सरळ होता, बाबांचा असायचा तसा. खासदार उरलेलं पाणी पिऊन उठले. जीप गेली. बाहेर सगळं पांढरं पडलं होतं आणि रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आईनं पेला विसळून पालथा घातला, डोक्यावर पदर घेतला आणि ती दारात जाऊन उभी राहिली. बस यायला अजून पुष्कळ वेळ होता.